बिनपासवर्डचं वायफाय

आमच्या बर्लिनच्या इमारतीत खालच्या मजल्यावर सीरियाहून एक कुटुंब राहायला आलं. इथे नवं इंटरनेट घ्यायचं तर माणूस येऊन जोडून देईपर्यंत आठवडे जातात. (हो, जर्मनीत!) समोरच्या आजींनी सरळ खिडकीत एक छोटा राउटर चिकटवला आणि वायफाय बिनपासवर्ड खुलं केलं.

मला धडकीच भरली. इथे राहिलेल्या कुणालाही अब्मानुंग, म्हणजे वकिलाची ताकीद-नोटीस, म्हटलं की घाम फुटतो. तुमच्या वायफायवरून तिसऱ्याच कुणी चोरून सिनेमा उतरवला, तरी ती नोटीस तुमच्या नावावर, वर शेकडो युरोंची मागणी. मे 2010 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानेच ठरवलं की वायफाय नीट सुरक्षित न ठेवणाऱ्याला जबाबदार धरता येईल. मग उघडं ठेवणार कोण? एवढा पुढारलेला देश, पण कॅफेत वायफाय मिळायची मारामार होती! चोराला सोडून पाणपोई घालणाऱ्याला पकडायचं, हा कुठला न्याय? मला अजूनही राग येतो.

आजींनी शांतपणे समजावलं. 2017 मध्ये कायदा बदलला, आता अशा नोटिशीचा खर्च वायफाय देणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. शिवाय त्यांचा राउटर ‘फ्रायफुंक’ या खुलं वायफाय पुरवणाऱ्या चळवळीच्या स्वयंसेवकांचा. पाहुण्यांचं जाळं घरच्या जाळ्यापासून वेगळं, आणि किती वेग द्यायचा तेही आपल्या हातात. आता माझ्याही खिडकीत तसाच राउटर आहे.

भारतातल्या भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “ताई, इथे असलं काही सुचवू नकोस.” त्याचं चूक नाही. 26 जुलै 2008 ला अहमदाबादच्या स्फोटांआधीचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि पोलीस आधी त्याच्याच दारात पोचले. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना भित्रं म्हणायचा हक्क कुणाला नाही, जर्मनांना तर नाहीच.

पण 2020 मध्ये आपल्याकडेही पीएम-वाणी ही सरकारची सार्वजनिक वायफायची योजना आली. साधा दुकानदारसुद्धा परवान्याशिवाय वायफाय देऊ शकतो आणि वापरणाऱ्याची मोबाईलवरून नोंद राहते. मग सोसायटीच्या गेटवर ते का नको? भावाच्या सोसायटीतल्या वॉचमनची मुलगी दहावीला आहे, व्हिडिओ बघायला बापाचा डेटा मिळायची वाट बघत बसते. पुढच्या मीटिंगला हा विषय काढायला मी भावाला भाग पाडणार आहे.