निळा रंग नेमकं कोण शोषत होतं?

मिथिलिन ब्लू हा निळा रंग पाण्यातून पुडीने शोषून काढायच्या कामाच्या प्रयोगपद्धतीत एक वाक्य वारंवार भेटतं: 'नमुना गाळून रीडिंग घेतले.' कशाने गाळला, पहिले किती मिली टाकून दिले, याबद्दल बहुतेक वेळा एक अक्षरही नसतं. या वाक्यावर विसंबून माझे सात आठवडे गेले. राग अजून उतरलेला नाही.

माझी पूड मॅग्नेटाइटची, म्हणजे लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडची. ती बनवणं सोपं गेलं. लोखंडाचे फेरिक आणि फेरस क्षार 2:1 मोल प्रमाणात घेऊन, नायट्रोजन सोडत, ढवळत अमोनिया घातला की काळाकुट्ट साका येतो. फेरसचं द्रावण मात्र त्याच दिवशी करा. हवेत राहिलं की त्याचं फेरिक होतं आणि काळ्याऐवजी तपकिरी पूड हाती लागते.

मग रंग काढायचा प्रयोग. लिटरला 5 मिलिग्रॅम रंग, त्यात पूड, शेकरवर तासभर, सिरिंज फिल्टरमधून गाळायचं आणि 664 नॅनोमीटरला रीडिंग, म्हणजे द्रावण त्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते. 96 टक्के रंग गेला! मी हरखून गेले. पूड निम्मी केली, 95. पीएच 4 वर आणला, तरी 94. शंका इथेच यायला हवी होती. मिथिलिन ब्लू धनभारित, आणि आम्लात मॅग्नेटाइटचा पृष्ठभागही धनभारित होतो. दोघांनी एकमेकांना दूर लोटायला हवं होतं. मी मात्र आकड्यांना लँगम्युअरचं समीकरण (पृष्ठभागावर किती रंग चिकटेल ते सांगणारं) बसवत राहिले आणि ते काही केल्या बसेना.

मॅडमनी वही चाळली आणि एवढंच विचारलं, "फिल्टरचा ब्लँक घेतलास का?"

नव्हता घेतला. पूड न घालता नुसतं द्रावण फिल्टरमधून ढकललं. सिरिंजमध्ये गडद निळं, आणि खाली पडणारे थेंब पाण्यासारखे. रीडिंग 1.02 वरून थेट 0.07. फिल्टरचं प्लास्टिकचं कवच पक्कडीने फोडलं, तर आतली सेल्युलोजची पांढरी चकती शाई सांडल्यासारखी निळी. सात आठवडे मी त्या चकतीचं शोषण मोजत होते, माझ्या पुडीचं नव्हे.

सगळ्यात जास्त चरफडले ते यावर, की पूड चुंबकीय होती. गाळायची गरजच नव्हती. बाटलीला बाहेरून निओडिमियमचा चुंबक लावला की दोन मिनिटांत काळं सगळं काचेला चिकटतं आणि वरचं पाणी पिपेटने उचलता येतं. अगदी बारीक कण मागे राहतात, ते प्रकाश विखुरतात आणि रीडिंग फुगतं. म्हणून 800 नॅनोमीटरलाही बघा. तिथे मिथिलिन ब्लू जवळजवळ काहीच शोषत नाही, तेव्हा रीडिंग शून्याजवळ नसेल तर सेंट्रिफ्यूज करा.

पुन्हा सगळं केलं. पीएच 4 ला 11 टक्के, पीएच 9 ला 71. आकडे लहान, पण तो चढता आलेख पाहून त्या रात्री शांत झोप लागली.

हो, पूड धुण्याचं राहिलंच. धुवणाचं पाणी उदासीन येईपर्यंत धुवा. अमोनिया उरला तर पीएच आपोआप चढतो आणि शोषण वाढल्यासारखं दिसतं. काचेलाही हा रंग चिकटतो, तेव्हा पूड न घातलेली एक बाटली दर वेळी शेकरवर ठेवा.

माझ्या प्रबंधात पूड पाण्यापासून वेगळी कशी केली, यावर आता चार ओळी आहेत: चुंबक किती वेळ लावला, पाणी कसं उचललं, फिल्टर का वापरला नाही, आणि फिल्टरच्या ब्लँकचं रीडिंग 0.07.