गॅरेजसमोरचे खचलेले काँक्रीट आणि परवानगीचा अर्ज

मिनेसोटातल्या टाउनहोम वसाहतींत राहणाऱ्या ज्या मराठी कुटुंबांच्या गॅरेजसमोरचे काँक्रीट खचले आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. खचलेला स्लॅब उचलून समपातळीत आणण्याचे प्रत्यक्ष काम एका सकाळी उरकले. ते करून घेण्याची परवानगी वसाहतीच्या असोसिएशनकडून मिळवण्यात मात्र जवळजवळ सगळा उन्हाळा गेला. जिथे जमिनीतली कामे करता येण्याजोगे महिनेच मोजके असतात, तिथे अशी दिरंगाई केवळ गैरसोयीची नसते. तिच्यामुळे घराचे नुकसान होते, आणि म्हणूनच तिचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आमचे घर मिनीआपोलिसच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात आहे. हिवाळ्यात जमीन जितकी खोल गोठते त्याच्याही खाली घराचा पाया न्यावा लागतो, आणि बांधकाम नियमांत ही खोली राज्याच्या दक्षिण भागासाठी ४२ इंच व उत्तर भागासाठी ६० इंच ठरवलेली आहे. पायासाठी खणलेला चर नंतर मातीने भरतात. ती माती थराथराने ठोकून बसवली नसेल तर पुढे कित्येक वर्षे दबत राहते, आणि गॅरेजच्या दाराबाहेरचा स्लॅब नेमका याच भरावावर टेकलेला असतो. गॅरेजच्या आतली जमीन जागेवर राहिली आणि बाहेरचा स्लॅब दोन इंचांहून अधिक खाली गेला, तेव्हा त्याचा उतार उलटून घराच्या दिशेने झाला. बर्फ वितळल्याचे पाणी दारापाशी साचून रात्री पुन्हा गोठे, दाराची खालची रबरी पट्टी त्या बर्फाला चिकटून बसे आणि सकाळी कामावर निघताना दार उघडत नसे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते, त्यामुळे स्लॅब आणि पाया यांच्यामधली फट दर हिवाळ्यात वाढत होती व तिच्यातून पाणी पायाशी मुरत होते.

स्लॅब उचलण्याच्या दोन पद्धती येथे रूढ आहेत. मडजॅकिंगमध्ये स्लॅबला दीड ते दोन इंच व्यासाची भोके पाडून वाळू, माती आणि सिमेंट यांचे घट्ट मिश्रण दाबाने खाली भरतात. दुसऱ्या पद्धतीत पाऊण इंचाहूनही लहान भोकांतून पॉलियुरेथेन फोम सोडतात. तो जागच्या जागी फुगून स्लॅब वर ढकलतो आणि काही मिनिटांत कडक होतो. मिश्रणाचे वजन घनफुटाला शंभर पौंडांच्या आसपास भरते, तर फोमचे अवघे दोन ते चार पौंड. आमचा भराव आधीच दबलेला असल्यामुळे त्यावर आणखी भार नको, या विचाराने अधिक खर्चाचा फोम आम्ही पत्करला. कोटेशन देणाऱ्या कंत्राटदारांपैकी ज्याने लेव्हल लावून उतार मोजला आणि पन्हाळीचा नळ कुठे सुटतो हे न विचारता स्वतः जाऊन पाहिले, त्यालाच काम द्यायचे आम्ही ठरवले. नुसता फोटो मागवून किंमत सांगणाऱ्यांचा विचार केला नाही, आणि आपणही करू नये असे मला वाटते.

येथपर्यंत सारे सुरळीत होते. त्यानंतर परवानगीचा अर्ज आला.

आमच्या वसाहतीत घराबाहेरच्या कोणत्याही कामासाठी असोसिएशनच्या समितीची मंजुरी लागते आणि अर्ज व्यवस्थापन पाहणाऱ्या कंपनीमार्फत द्यावा लागतो. तो अर्ज नव्या बांधकामासाठी आणि बाह्यस्वरूपातल्या बदलांसाठी तयार केलेला होता. त्यात नव्या सामग्रीचा रंग, तिच्या उत्पादकाचे नाव, रंगाचा नमुना आणि प्रस्तावित आराखडा यांचे रकाने होते. आहे तोच स्लॅब उचलून पूर्वीच्या पातळीवर आणायचा आहे, हे लिहायला जागा नव्हती. मी ते रकाने रिकामे ठेवून स्वतंत्र पत्रात काम समजावून सांगितले, तर अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. रंगाच्या रकान्यात ‘बदल नाही’ असे लिहून पाठवला, तर नमुना जोडलेला नाही म्हणून परत आला. समितीची बैठक महिन्यातून एकदाच होत असे, त्यामुळे अर्ज परत येणे म्हणजे बांधकामाच्या तुटपुंज्या हंगामातला एक महिना हातचा जाणे होते. एवढा साधा हिशेब त्या कार्यालयात कोणालाही महत्त्वाचा वाटला नाही, याचे मला फार वाईट वाटले.

नमुन्याचा प्रश्न मिटला तेव्हा विम्याचा निघाला. कंत्राटदाराच्या विमा प्रमाणपत्रावर असोसिएशनचे नाव असावे ही अट रास्त आहे आणि कंत्राटदाराच्या विमा एजंटाने ते तत्परतेने पाठवलेही. परंतु वसाहतीच्या फलकावरचे नाव वेगळे आणि असोसिएशनचे नोंदणीकृत नाव वेगळे असल्यामुळे प्रमाणपत्र नाकारण्यात आले. हे नोंदणीकृत नाव अर्जावर कुठेही छापलेले नव्हते.

खरी अडचण त्याच्याही पुढची होती. व्यवस्थापन कंपनीने मला लेखी कळवले होते की गॅरेजसमोरचा स्लॅब फक्त आमच्या घराच्या वापरासाठी असल्यामुळे त्याची दुरुस्ती आमच्या खर्चाने आम्हीच करायची. समितीने बैठकीत नेमके उलटे मत दिले: स्लॅब सामाईक मालमत्तेत मोडतो, म्हणून त्याला असोसिएशनने नेमलेल्या कंत्राटदाराखेरीज कोणी हात लावू नये, आणि यंदाच्या खर्चात त्याची तरतूद नाही. म्हणजे पैसे आम्ही द्यायचे, असे एक कार्यालय म्हणत होते आणि काम आम्ही करायचे नाही, असे दुसरे. मी दोघांची पत्रे एकत्र जोडून उत्तर मागत राहिले आणि प्रत्येक वेळी प्रकरण पुढच्या बैठकीवर ढकलले गेले. दरम्यान ऑगस्टमधल्या प्रत्येक मुसळधार पावसात पाणी त्या फटीतून पायाशी जात होते, आणि कोटेशनवरची मुदतही टळून गेली.

शेवटी मार्ग निघाला तो वसाहतीच्या मूळ दस्तातून, ज्याला येथे डिक्लरेशन म्हणतात. तो काउंटीच्या दप्तरी नोंदवलेला असतो आणि त्याची प्रत कोणालाही मिळू शकते. मिनेसोटाच्या सामाईक मालकीविषयक कायद्यात, म्हणजे प्रकरण ५१५बी मध्ये, सामाईक मालमत्तेतला जो भाग एकाच घराच्या वापरासाठी राखलेला असतो, त्याचा वेगळा वर्ग केलेला आहे. सामाईक भागांची देखभाल सामान्यतः असोसिएशनकडे असते, मात्र डिक्लरेशनमध्ये वेगळी तरतूद असेल तर ती चालते. आमच्या डिक्लरेशनमध्ये ड्राइव्हवेची, म्हणजे गॅरेजसमोरच्या या स्लॅबसह गाडीच्या वाटेची, देखभाल घरमालकाकडे असल्याचे आणि त्याचे स्वरूप बदलायचे असेल तरच समितीची मंजुरी लागत असल्याचे स्पष्ट शब्दांत लिहिलेले होते. ते कलम अधोरेखित करून मी समितीच्या प्रत्येक सदस्याला पाठवले, आणि पुढच्या बैठकीत कोणतीही चर्चा न होता परवानगी मिळाली. आपलाच दस्त कार्यालयाने पहिल्या दिवशी उघडला असता तर काम जूनमध्येच झाले असते. म्हणून माझा आग्रहाचा सल्ला असा, की कंत्राटदाराला बोलावण्याआधी डिक्लरेशन मिळवून त्यातले देखभालीचे कलम वाचावे आणि त्या कलमाचा क्रमांक अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहावा.

कंत्राटदाराने मुदत टळलेली किंमत कायम ठेवली, याबद्दल मी त्याची मनापासून ऋणी आहे. शरद ऋतूत या लोकांना क्षणाची उसंत नसते, कारण जमीन गोठली की काम थांबते. आमचे काम ऑक्टोबरमध्ये झाले. भोके पाडणे, फोम सोडणे, प्रत्येक भोकापाशी थांबून पातळी मोजणे आणि शेवटी भोके बुजवणे हे सर्व जेवणाच्या वेळेआधी आटोपले, आणि दुपारी गाडी त्या स्लॅबवरून गॅरेजमध्ये नेता आली. त्या दिवशी मी नळीने पाणी सोडून पाहिले. ते घराकडे न येता सरळ रस्त्याकडे गेले, तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

दोन-तीन गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. काम सुरू होण्यापूर्वी ८११ या क्रमांकावर कळवून जमिनीखालच्या वीज, गॅस आणि इतर वाहिन्यांच्या खुणा करून घ्याव्यात; ही सेवा विनामूल्य आहे, पण स्प्रिंकलरच्या नळ्यांसारख्या आपल्या खासगी वाहिन्या त्यात येत नाहीत, त्या आपणच दाखवाव्या लागतात. कोटेशनमध्ये स्लॅब ‘उचलून देऊ’ एवढेच लिहिलेले असू नये. घरापासून दूर प्रत्येक फुटामागे पाव इंच उतार मिळेल, असे लिहून घ्यावे. हमीपत्रातली अपवादांची ओळ अवश्य वाचावी, कारण जमिनीतले पाणी गोठल्याने जमीन फुगून स्लॅब वर आला तर बहुतेक कंत्राटदार जबाबदारी घेत नाहीत. त्यासाठी पाणीच स्लॅबखाली जाऊ न देणे हा उपाय आहे: पन्हाळीचा नळ लांब न्यावा आणि गॅरेज व स्लॅब यांच्यामधला सांधा लवचीक सीलंटने भरून घ्यावा. आमच्या कंत्राटदाराने सीलंटचे पैसे वेगळे लावले, ते योग्यच होते.

समितीतल्या काहींनी सुचवले होते की स्लॅब फोडून नवाच ओतावा. काँक्रीट मुळात धड असेल तर ते मला पटत नाही. नव्या काँक्रीटला पूर्ण ताकद यायला सुमारे २८ दिवस धरतात आणि पहिल्या हिवाळ्यात त्यावर बर्फ वितळवणारे मीठ टाकू नये असे सांगतात, जे आपल्या गाड्यांच्या चाकांना चिकटून येणाऱ्या मिठापुढे पाळणे कठीण आहे. ज्यांना मडजॅकिंग करायचे असेल त्यांनी मार्च ते मेमधली तारीख धरू नये, कारण गोठलेली जमीन सैल होत असताना येथे अनेक रस्त्यांवर जड वाहनांना वजनाची मर्यादा असते आणि मिश्रणाची भरलेली गाडी त्यात अडकू शकते.

काम संपल्यावर पैसे मिळाल्याची सही असलेली पावती, हमीपत्र आणि परवानगीचे पत्र यांच्या प्रती मी व्यवस्थापन कंपनीच्या फाइलमध्ये लावून घेतल्या आणि त्या मिळाल्याचे त्यांच्याकडून लेखी घेतले. अर्जात दुरुस्तीचा वेगळा रकाना असावा, अशी लेखी मागणीही मी समितीकडे केली आहे. ती पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे आणि त्या बैठकीला मी जाणार आहे.