आमची वाटचाल : करवंटी, वाळा आणि २०१९ चा ऑगस्ट

मुलांनी घरातल्या माणसांसाठी स्वतःच्या हातांनी भेटवस्तू घडवाव्यात, या हेतूने आम्ही २०११ साली कोल्हापुरात मंगळवार पेठेतील राहत्या घराच्या सोप्यात कामाला सुरुवात केली. भांडवल म्हणजे दोन कानशी, बारीक पात्याची एक करवत, ८० पासून ४०० नंबरपर्यंतचे पॉलिश पेपर आणि बांबू सोलायला शिकवणारे एक वयस्कर बुरूड मामा. बांबू हिवाळ्यात तोडलेलाच घ्यावा आणि काही आठवडे वाहत्या पाण्यात मुरवावा, म्हणजे त्यातला पिठूळ अंश निघून जातो व भुंगा लागत नाही, हा त्यांचा धडा आम्ही आजही मोडत नाही. पुढची काही वर्षे काम नीट चालले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, तेव्हाच शुक्रवार पेठेतील गोदाम रिकामे करायला हवे होते. परंतु २००५ च्या पुरात पाणी त्या उंबऱ्यापाशीच थांबले होते, या भरवशावर आम्ही राहिलो. या वेळी पाणी ५५ फुटांवर गेले. दार उघडले तेव्हा वाळ्याच्या, म्हणजे सुगंधी गवताच्या मुळांच्या, जुड्या, ज्वारीची धाटे, हातकागद आणि सोललेल्या पट्ट्या यांचा काळा लगदा झालेला होता.

त्याच आठवड्यात, आमच्याकडे दोन हंगाम काम शिकून गेलेल्या एका गृहस्थांनी आमच्या नेहमीच्या शाळेत जाऊन ‘त्यांच्या मालाला आता बुरशी लागली आहे’ असे सांगितले आणि मुलांनी दिवाळीच्या भेटवस्तू करायच्या साहित्याच्या २४० संचांची मागणी स्वतःकडे वळवली. त्यांच्या संचावर ‘नैसर्गिक’ असे छापले होते. आत मात्र कारखान्यात घासून वॉर्निश मारलेली करवंटी, टिकल्या आणि गरम गोंद होता, म्हणजे मुलांनी करण्यासारखे काही उरलेच नव्हते. ती गोष्ट मी आजही विसरलेले नाही.

दुकान बंद करायचे ठरत आले असताना राजारामपुरीतल्या आमच्या जुन्या ग्राहक, निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई, नातीला आणि तिच्या सोसायटीतल्या अकरा मुलांना घेऊन आल्या. “करवंट्या कुठे कुजतात? त्या काढा बाहेर,” असे म्हणून त्यांनी गाळातली पोती मुलांकडून धुऊन घेतली. त्या मुलांनी करवंट्यांचे डाव, म्हणजे आमटी वाढायचे पळे, केले. नात नाकाला रुमाल बांधून दोन तास कानस फिरवत होती. केसाळ काथ्या गेला, खरबरीतपणा गेला आणि खोबरेल तेलाचे बोट फिरताच आतली तपकिरी रेघ उमटली, तेव्हा ती काही बोललीच नाही, करवंटी आजीपुढे धरून उभी राहिली.

ज्यांना असा डाव घरी करायचा आहे त्यांनी करवंटीला दोन भोके समोरासमोर, दांड्यापेक्षा किंचित लहान पाडावीत, बांबूचा दांडा टोकाकडे निमुळता तासून दोन्ही भोकांतून दाबून बसवावा आणि टोकाला बारीक पाचर मारावी. भोके पाडण्याचे काम मोठ्यांनी करावे, कानस मात्र मुलाच्याच हातात द्यावी. गोंद लावू नये; गरम आमटीत तो मऊ पडतो, ओला झालेला बांबू मात्र फुगून भोक आणखी घट्ट धरतो.

आता गोदाम मंगळवार पेठेत पहिल्या मजल्यावर आहे. २०२१ च्या जुलैत शहरात पुन्हा पाणी शिरले तेव्हा एकही जुडी भिजली नाही. बाईंच्या घरी तो पहिला डाव अजून वापरात आहे. दांडा तेवढा दोनदा बदलून दिला.