शब्दाशेजारचा शब्द

आमच्या वेळी नागपूरच्या शाळेत इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. प्रत्येकाच्या शब्दार्थांच्या वहीत पानाच्या मधोमध एक उभी रेघ मारलेली असे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ, आणि ती वही जितकी जाड तितके आपले इंग्रजी चांगले, अशी आम्हा सर्वांची प्रामाणिक समजूत होती. आठवीत इंग्रजी शिकवायला आलेल्या सरांनी पहिल्याच आठवड्यात त्या वह्या तपासायला मागवल्या.

माझ्या वहीत ‘सी’, ‘लुक’ आणि ‘वॉच’ या तिन्ही शब्दांसमोर ‘पाहणे’ एवढेच लिहिलेले होते. सरांनी ते खोडले नाही, समासात तीन मराठी वाक्ये मात्र लिहिली: मला अंबाझरी तलाव दिसतो, मी तलावाकडे बघतो, मी तलावावरचे पक्षी बघत बसतो. इंग्रजांनी केलेला भेद आपल्या भाषेत आधीपासूनच आहे आणि तो आपणच एका शब्दाखाली झाकून ठेवला होता, हे त्या समासाने मला दाखवले. ‘लुक’नंतर येणारा ‘ॲट’ म्हणजे आपल्या ‘तलावाकडे’मधला ‘कडे’, हे एकदा कळल्यावर तो गाळण्याची चूक माझ्या हातून पुन्हा झाली नाही. दिसण्याच्या क्रियेत मात्र आपण ‘मला’ म्हणतो आणि इंग्रजीत तिथे ‘आय’ येतो, त्यामुळे वाक्याची रचना पाहून ‘सी’ आणि ‘लुक’ सारखेच वाटतात. आमचा गोंधळ तिथेच होत असे. ‘हिअर’ आणि ‘लिसन’ यांचेही तसेच: एक ऐकू येणे, दुसरे ऐकणे.

सर्वांत जास्त दिवस आम्ही ‘शेड’ आणि ‘शॅडो’ यांच्यावर घालवले. एप्रिलमधल्या सकाळच्या शाळेत मधल्या सुट्टीत सरांनी आम्हाला मैदानावरच्या कडुनिंबाखाली उभे केले आणि सावलीविषयी मराठीत काय काय म्हणता येते ते विचारले. सावली पडते, सावली लांब होते, सावली सोबत चालते. आणि सावलीत बसतो, सावली धरतो, झाड सावली देते. पहिल्या तिन्हींना आकार आहे, तिथे ‘शॅडो’. पुढच्या तिन्हींत उन्हापासून आसरा आहे, तिथे ‘शेड’. हे दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीतल्या एकाच नामाच्या दोन विभक्तिरूपांतून निघाले, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळाले, तेव्हा ही वाटणी शिकवायला सरांनी एकच झाड निवडले होते याची आठवण झाली. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने वर्षातून दोनदा दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, त्यांपैकी एकदा नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होताना, 26 मेच्या सुमारास. त्या क्षणी उभ्या माणसाची ‘शॅडो’ पायाखाली नाहीशी होते, पण त्याच क्षणी कडुनिंबाखाली ‘शेड’ असतेच, आणि तिची गरजही आपल्याला तेव्हाच सर्वाधिक असते.

‘बॉरो’ आणि ‘लेंड’ यांच्यासाठी सरांना वेळ लागला नाही. उसने घेणे आणि उसने देणे. वहीत नुसते ‘उसने’ लिहिले की घेणारा कोण आणि देणारा कोण हेच हरवते. पुढे बँकेत कर्जाची कागदपत्रे हाताळताना हा धडा मला रोज उपयोगी पडला.

एक प्रश्न मात्र मीच विचारला होता. इतर ठिकाणी एका मराठी शब्दासमोर दोन इंग्रजी शब्द येत, तर ‘ऑरेंज’समोर संत्रे लिहायचे की मोसंबी? सरांनी मला सोलून बघायला सांगितले. संत्र्याची साल सैल, नखाने सुटते. मोसंबीला सुरी लागते. आपले नागपुरी संत्रे हे इंग्रजीत ‘मँडरिन’, आणि तिकडचे ‘स्वीट ऑरेंज’ ते आपल्या मोसंबीच्या जातीचे, हे त्यांनी मग सांगितले. संत्र्यांच्या गावात राहून ‘ऑरेंज’चे हे दुहेरीपण मला तोवर जाणवले नव्हते.

ती वही अजून माझ्याजवळ आहे. ‘ऑरेंज’समोर दोन्ही फळांची नावे आहेत, आणि खाली माझ्या अक्षरात ‘हाताने सोलते’ व ‘सुरीने सोलावे लागते’ अशी नोंद आहे. त्या पानापासून पुढे मधली उभी रेघ मारलेली नाही. शब्दांपुढे पूर्ण वाक्ये आहेत.