तुम्ही विचारलंत म्हणून: सरकारी जाहिराती घेऊन स्वतंत्र कसे राहता?

लोकलमध्ये, लग्नात, 6 जानेवारीच्या पत्रकार दिनी, कुठेही भेटलात की विचारता: "मंत्रालयातून फोन येतो का हो?"

नाही येत. खरंच नाही.

आमच्या लघु दैनिकानं एका संक्रमण शिबिराच्या दुरवस्थेवर लेखमाला सुरू केली. दुसरा भाग आला आणि संबंधित खात्याच्या निविदा सूचना थांबल्या. खुलासा आला नाही, नोटीसही नाही. आमचा जाहिरात प्रतिनिधी विचारायला गेला, तर चहा देऊन सांगितलं, "यादीवर आहात, रोटेशननं येईल." जुनी बिलं लेखा शाखेत अडकली. तिसरा भाग आम्ही पहिल्या पानावर छापला. पगार रखडले, छापखान्यानं उधारी बंद केली, पानं लावणारा मुलगा सोडून गेला.

हे सगळं सोसता आलं. पण काही महिन्यांनी तीच लेखमाला लिहिणारी वार्ताहर नवी बातमी घेऊन आली आणि कागद टेबलावर ठेवण्याआधी म्हणाली, "सर, थकलेली बिलं आली का?" असं विचार म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. बातमी छापली. तो प्रश्न मात्र अजून माझ्या अंगावर येतो.

कोर्टात जा म्हणता? 'सकाळ' दैनिकानं केंद्र सरकारचा 1960 चा किंमत-पृष्ठ आदेश, म्हणजे किती किमतीला किती पानं द्यायची हे ठरवणारा आदेश, सर्वोच्च न्यायालयात नेला आणि 1961 मध्ये तो रद्द करून घेतला. तिथे आव्हान द्यायला आदेश तरी होता. न आलेली जाहिरात कुठल्या कागदानिशी कोर्टापुढे ठेवू?

तरुणपणी मी म्हणायचो, सरकारचा पैसाच नको. आज म्हणतो, तो पैसा वाचकांच्या कराचा आहे, गप्प बसणाऱ्यांनाच का मिळावा? आणि तो नाकारून मुंबईत जायचं कुणाकडे, बिल्डरांकडे? त्यावर तेव्हाचा मी विचारतो, "मग पगाराच्या आठवड्यात मथळा दोनदा का वाचतोस?" वाचतो, खरं आहे.

कोणत्या दैनिकाला किती रकमेच्या जाहिराती दिल्या, कुणाच्या का थांबवल्या, हे सरकारनं दर महिन्याला जाहीर करावं, एवढं मी मागतो. तसं झालं तरी ती वार्ताहर आधी बिलांचं विचारायची थांबेल, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.