सायप्रिनसच्या जोरावर: आमची वाटचाल

2009 साली इंदापूर तालुक्यात वडिलांच्या दीड एकरात आम्ही चार तळी खोदली. माशांना इंजेक्शन देऊन बीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, काढायचं कसब आमच्याकडे नव्हतं आणि उबवणीच्या टाक्यांसाठी पैसाही नव्हता. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प मासा, घालतो. या एका गोष्टीवर आमचा मत्स्यबीजाचा धंदा उभा राहिला.

पहिला हंगाम जानेवारीअखेरचा. नराचं पोट हलकं दाबलं की पांढरं दूध, म्हणजे वीर्य, येतं. मादीचं पोट मऊ आणि फुगलेलं असतं. एक मादी, दोन नर असे संध्याकाळी हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पेटीत, सोडले आणि आत हायड्रिला ही पाणवनस्पती अंथरली. पहाटे शेपट्यांच्या फटकाऱ्यांनीच जाग आली. उजाडल्यावर पाहिलं, तर पानापानाला मोहरीहून बारीक, पिवळसर अंडी चिकटलेली! किलोभर वजनाची मादी लाखाच्या आसपास अंडी देते. हायड्रिला लगेच दुसऱ्या हाप्यात हलवावी लागते, नाहीतर आईबापच अंडी फस्त करतात. तिसऱ्या दिवशी जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, वळवळू लागले, तेव्हा आई तळ्याच्या काठावरून हललीच नाही.

रोहू-कटल्याचं बीज पावसाळ्यात येतं, आमचं फेब्रुवारीत तयार. बारमाही पाणी असलेले शेतकरी त्यासाठीच आमच्याकडे येऊ लागले.

2012 मध्ये मात्र फटका बसला. न विकलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्लं, एका तळ्यात तशीच ठेवली. हा मासा आपल्या हवामानात वर्षाच्या आतच वयात येतो. काठच्या गवतावर त्यांनी परस्पर अंडी घातली. तळं पिल्लांनी भरलं, खाद्य पुरेना, मोठे मासे वाढायचे थांबले. शिवाय किडे-अळ्यांसाठी चिखल उकरून त्यांनी एका बाजूचा बांध पोखरला. तेव्हापासून डिसेंबरातच नर-मादी वेगळे करतो, काठाचं गवत काढतो, बांधाला आतून दगड लावतो. प्लॅस्टिक अंथरलेलं शेततळं असेल, तर तळाशी उकरायला काही मिळत नाही, सगळं खाद्य बाहेरूनच द्यावं लागेल, हे गिऱ्हाइकाला बीज देण्याआधीच सांगतो.

हा मासा मूळचा आपला नव्हे. 1939 मध्ये तो श्रीलंकेतून निलगिरीत आला, आणि मैदानी भागात वाढणारा वाण 1957 मध्ये बँकॉकहून कटकला. आम्ही तर वर्षानुवर्षं आपल्याच तळ्यातल्या भावंडांची जोडी लावत राहिलो आणि बीजाची वाढ मंदावली. हे ओळखायला उशीर झाला, त्याची खंत आहे. यंदा दूरच्या दोन तळ्यांवरून नवे नर आणलेत. जानेवारीत ते हाप्यात जातील.