तुम्ही विचारलंत म्हणून: जुनं घड्याळ घेताना कंपनी बघावी की मशीन?

जुन्या चावीच्या घड्याळांचा नाद असलेल्या माणसाला हा प्रश्न हमखास विचारला जातो: "फार पैसे घालायचे नाहीत, तर कुठल्या कंपनीची घ्यावीत?" कंपनी बाजूला ठेवा, आतलं मशीन बघा. विसाव्या शतकाच्या मध्याला स्वित्झर्लंडमधले असंख्य ब्रँड ए. शिल्ड, फाँतेनमेलों, ईटीए, पेझो अशा मोजक्या कारखान्यांची मशीनं विकत घेऊन डायलवर आपलं नाव छापत. त्यामुळे पाच वेगळ्या नावांची घड्याळं घेऊन घरी एकाच मशीनचे पाच नग आले, असं सहज होतं. मशीनचा नंबर बहुतेक वेळा बॅलन्सच्या (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या) खाली, प्लेटच्या कडेला बारीक कोरलेला असतो. विकणाऱ्याकडे झाकण उघडून काढलेला फोटो मागा. तो टाळाटाळ करत असेल तर पुढे जा.

आपल्याकडे सुरुवात एचएमटीपासूनच करावी. १९६१ साली बंगळूरला सिटिझनच्या सहकार्याने हा कारखाना उभा राहिला. जनता आणि पायलट दिसायला वेगळी असली तरी आत ०२० कुळातलंच हाताने चावी द्यायचं मशीन असतं: १७ ज्वेल्स (झीज रोखणारे माणकाचे बारीक दगड), तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. हे १७ ज्वेल्स कुठे असतात ते एकदा समजून घ्या: बॅलन्सला चार, रोलरवर (बॅलन्सच्या दांड्यावरच्या चकतीवर) एक, पॅलेटचे (चाकाला ठोक्याठोक्याने अडवून सोडणाऱ्या तरफेचे) दोन दगड, आणि पॅलेट, एस्केप, चौथं, तिसरं व मधलं चाक यांच्या वरखाली दोन-दोन. साध्या तीन काट्यांच्या घड्याळात जिथे खरी झीज होते त्या जागा एवढ्यात झाकल्या जातात, त्यामुळे २५ ज्वेल्स लिहिलेलं घड्याळ आपोआप चांगलं ठरत नाही. एचएमटीचा मोठा फायदा म्हणजे पार्ट मिळतात. एक बंद पडलेलं जनता पार्टसाठी घेऊन ठेवलं की पुढची चिंता मिटते.

"चावी जास्त दिली म्हणून अडकलं" असं सांगून कोणी बंद घड्याळ स्वस्तात देत असेल तर ते बघण्यासारखं असतं. चावी जास्त दिल्याने घड्याळ बंद पडत नाही. पूर्ण चावी भरलेली असूनही ते चालत नसेल तर बहुधा तेल सुकून त्याचा डिंक झालेला असतो, आणि ते सर्व्हिसिंगने सुटतं. मात्र स्टेम (चावीची दांडी) ओढून बघा. चावीच्या आसपास गंज असेल तर पावसाळ्याचं पाणी आत गेलंय आणि डायलखालीही गंज असणार.

एचएमटीच्या शेजारी ठेवायला एक पिन-लिव्हर घ्या. १८६७ च्या सुमारास रॉसकॉफने गरिबाला परवडेल असं घड्याळ केलं, त्याच वंशातलं. पॅलेटवर माणकाच्या दगडांऐवजी पोलादी पिना असतात. सिकुरा, बुलर यांच्या घड्याळांत बाउमगार्टनरचं ८६६ सापडतं, ते याच प्रकारचं. टिकटिक कर्कश असते आणि पिना झिजल्या की वेळेची शाश्वती नाही. दुरुस्तीवर पैसे घालू नयेत, पण कानाला दोन्ही घड्याळं लावली की फरक लगेच कळतो.

ऑटोमॅटिकमध्ये जपानी सेको कंपनीचं ७००९. १७ ज्वेल्स, २१,६०० ठोके. रोटर (मनगटाच्या हालचालीने फिरणारं वजन) कुठल्याही दिशेला फिरला तरी मॅजिक लिव्हरचे दोन पंजे, एक ओढून आणि एक ढकलून, चाक एकाच दिशेला नेतात. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख हाताने बदलू नका, दात तुटतात. झाकणावर ७००९ आणि आत दुसरंच मशीन, असे जुळवलेले नग पुष्कळ. जांभळा, पोपटी असा भडक डायल दिसला तर तो बहुधा आपल्याच गल्लीत रंगवलेला असतो. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. भिंगातून बघा: अक्षरांच्या कडा पसरट, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी न जुळणाऱ्या.

रशियन वोस्तोकबद्दल आधी दोन गोष्टी माहीत हव्यात. त्यांच्या अँफिबिया या पाणबुड्यांसाठीच्या मॉडेलची स्क्रूची चावी सोडली की ती लुळी पडते आणि हलते. रचनाच तशी आहे, बिघाड नव्हे. २४१६ मशीनमध्ये तारीख झटपट बदलायची सोय नाही, म्हणून काटे आठपर्यंत मागे आणि पुन्हा बाराच्या पुढे, असे न्यावे लागतात. टाइमग्राफरवर (ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर) लावताना लिफ्ट अँगल, म्हणजे एका ठोक्यात बॅलन्स पॅलेटच्या संपर्कात जेवढा फिरतो तो कोन, ४२ ठेवा. नेहमीचा ५२ ठेवलात तर बॅलन्सचा २१० अंशांचा दमलेला झोका २६० दाखवतो आणि तुम्ही खूश होऊन पैसे देता.

मग चैन म्हणून पेझो ७००१, जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचं, ज्याच्यावरून जर्मन कंपनी नोमोसने आपलं सुरुवातीचं मशीन बेतलं. फाव्र-लूबाचं 'ट्विन पॉवर' लिहिलेलं, दोन बॅरलवालं (चावीच्या स्प्रिंगचे दोन डबे असलेलं). आणि रशियन पोल्योत २६१२ चं गजराचं घड्याळ, तेवढी गंमत हवीच.

सर्व्हिसिंगवर मात्र कंजूषी नको. पूर्ण मशीन पेट्रोलमध्ये बुचकळून वर तेलाचा थेंब सोडणाऱ्याकडे देऊ नका. ते तेल हेअरस्प्रिंगवर (बॅलन्सच्या केसासारख्या स्प्रिंगवर) चढतं, वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळतं. (मॅग्नेट लागलं तरी हेच होतं, पण ते डीमॅग्नेटायझरवर काही सेकंदांत जातं.) जाणता घड्याळजी प्रत्येक भाग सुटा करतो, बॅलन्सला ९०१० सारखं पातळ तेल, मधल्या चाकाला जाड, पॅलेटच्या दगडांना ९४१५ नंबरचं ग्रीस लावतो आणि पॅलेटच्या दांड्याची वरखालची टोकं कोरडी सोडतो. खर्च बहुधा घड्याळाच्या किमतीइतकाच येतो, तो खरेदीतच धरा.

क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचवालं घड्याळ) सगळ्यात शेवटी. घेतलाच तर पोल्योत ३१३३ घ्या, व्हॅल्जू ७७३४ च्या यंत्रसामग्रीवर निघालेलं. बटण दाबून दहा मिनिटं चालू द्या, मग शून्यावर आणा. काटा दर वेळी एकाच ठिकाणी पण बाराच्या जरा बाजूला थांबत असेल तर तो फक्त सरकलाय, परत बसवता येतो. दर वेळी वेगळीकडे थांबत असेल तर तसंच परत करा.